पुढील आयुष्यास शुभेच्छा

पाण्याची मीटरं बनवणाऱ्या त्या कंपनीत सोमवारी सकाळी साडेनऊला आगीची तालीम झाली. भोंगा वाजला, सगळे जिन्याने उतरून पार्किंगमध्ये उभे राहिले, आणि हजेरी मोजणाऱ्या यंत्राने एक्केचाळीस माणसं इमारतीतच राहिल्याचं जाहीर केलं. दोघे-तिघे शूर लोक परत आत जायला निघालेही होते, पण यादीतली नावं वाचून थांबले. ती सगळी माणसं कधीच निवृत्त झाली होती. काही तर नातवंडं सांभाळून त्या कामातूनही निवृत्त व्हायच्या बेतात होती. मोठ्या साहेबांनी यादीवरून नजर फिरवली आणि जुळवेंना बोलवायला सांगितलं.

जुळवे हे त्याचं आडनाव नव्हे. कंपनीत कोण कोण आहे, कुठल्या खात्यात आहे आणि कोणाला काय काय उघडायचा हक्क आहे, हे सगळं एका मोठ्या यादीत असे. दारं, ई-मेल, टेलिफोन, कँटीन, विमा अशी सतरा ठिकाणं दर पंधरा मिनिटांनी त्या यादीवरून आपापली यादी जुळवून घेत. ही जुळणी चालू ठेवणं हे त्याचं काम. एखादा माणूस टेलिफोनच्या यादीत आहे आणि दाराच्या यादीत नाही, म्हणजे त्याला फोन येतो पण तो आत येऊ शकत नाही, असं झालं की लोक त्याच्याकडे धावत. सहा वर्षांत त्याचं खरं आडनाव सगळे विसरले. टेबलावरच्या पाटीवरही चुकून जुळवे असंच रंगवून आलं, तेव्हा त्याने ती बदलून मागितली नाही.

दोन दिवस त्याने यंत्रांची चौकशी केली. यंत्रं निर्दोष निघाली. गेलेल्या माणसापुढे ‘सेवा समाप्तीची तारीख’ असा एक रकाना होता आणि सतराही ठिकाणं फक्त त्या रकान्याकडे बघत. तो रकाना भरायचा आस्थापना विभागातल्या ताईंनी. ताई कामाला चोख. कोणी नोकरी सोडून दुसरीकडे गेला की त्याची तारीख त्या जरा जोरातच टाइप करत. पण निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत त्यांचा हात अडे.

“पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसापुढे समाप्त काय लिहायचं?” ताई म्हणाल्या. “बरं दिसतं का ते?”

म्हणून त्या तो रकाना मोकळा सोडत आणि शेजारी शेऱ्याच्या जागी लिहीत, ‘पुढील आयुष्यास शुभेच्छा’. यंत्रं शेरे वाचत नाहीत. त्यांच्या लेखी ही एक्केचाळीस माणसं नोकरीत होती आणि शिवाय त्यांना शुभेच्छाही होत्या.

उपाय दहा मिनिटांचा होता. एक्केचाळीस तारखा भरायच्या, की सगळी दारं आपोआप बंद. जुळव्याने यादी उघडली आणि एकविसाव्या नावाशी येऊन तो थांबला. ते नाव त्याच्या सासऱ्यांचं होतं.

बाबा त्याच कंपनीत स्टोअरचे प्रमुख होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आठ दिवस घरी बसले. त्या आठ दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले, गच्चीवरच्या कुंड्यांची मोजणी केली, आणि साखर हवी असेल तर आधी चिठ्ठी लिहून द्यायची असा नियम काढला. नवव्या दिवशी सासूबाईंनी त्यांना पाय मोकळे करायला पाठवलं. पाय सवयीने कंपनीच्या दाराशी गेले, हात सवयीने खिशात गेला, कार्ड लावलं आणि दार उघडलं. तेव्हापासून बाबा रोज दहाला जात आणि पाचला येत. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी एक वाचनाचा कोपरा होता, तिथे ते वर्तमानपत्र वाचत बसत. नव्याने लागलेली पोरं त्यांना सल्लागार समजत आणि जाता-येता सल्ला मागत. बाबा देतही, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असे. वरच्या मजल्यावर सासू-सासरे आणि खालच्या मजल्यावर जुळवे, अशा त्या घराची तीन वर्षांची शांतता त्या एका कार्डावर उभी होती.

गुरुवारी सकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. बाहेरच्या एक तपासनीस बाई दुपारी चारला येणार होत्या. एकाही निवृत्त माणसाचं कार्ड चालू दिसलं, तर जुळणीचं काम बाहेरच्या कंपनीला जाणार होतं आणि त्याच्याबरोबर जुळवेही. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझी नोकरी महत्त्वाची आहे, मला कळतं,” ती म्हणाली. “पण बाबांचं कार्ड बंद झालं तर आई माझ्याकडे येईल. आणि मग मी तुझ्याकडे येईन.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा अवस्थेत तो ऑफिसात पोचला. सगळ्या तारखा एकदम भरण्याआधी एकावर चाचणी घ्यायला हवी होती. चाचणीसाठी यादीत खोटा माणूस घालायचा नाही, असा त्याचा नियम होता. त्याच्या आधीच्या माणसाने असा एक खोटा माणूस घातला होता. त्याला तीन वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छा जात राहिल्या आणि शेवटी त्याची बढतीसाठी शिफारस झाली. म्हणून जुळवे प्रत्येक चाचणी स्वतःच्या नावावर घेई. आणि खरं सांगायचं तर एकविसावं नाव जितकं लांबणीवर टाकता येईल तितकं त्याला हवंच होतं.

त्याने स्वतःच्या नावापुढे सेवा समाप्तीची तारीख टाकली, कालची. मग दार खरंच बंद होतं का ते बघायला तो खाली उतरला, कार्ड लावून बाहेर गेला, आणि पायरीवर उभा राहून पंधरा मिनिटं व्हायची वाट बघू लागला. परत येऊन कार्ड लावलं. लाल दिवा लागला. जुळव्याला इतका आनंद झाला की त्याने त्या लाल दिव्याचा फोटो काढला. सहा वर्षांत एवढी सुरेख जुळणी झाली नव्हती. फोटो पाठवायला त्याने फोनवर ऑफिसचा ई-मेल उघडला, तर तिथे लिहून आलं की आपण या कंपनीचे कर्मचारी नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तारीख खोडायची तर वर आपल्या टेबलाशी जायला हवं, आणि वर जायचं तर तारीख खोडायला हवी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेटवरच्या काकांनी आपल्या पडद्यावर पाहिलं, मग जुळव्याकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची त्याच्यासाठी सरकवली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

“काल संपली म्हणतंय हे,” काका हलक्या आवाजात म्हणाले. “मग आज सकाळी आत कसे गेलात, ते मी नाही विचारणार. बसा जरा. होतं माणसाकडून.”

जुळव्याने ही चाचणी असल्याचं समजावून सांगितलं. काकांनी मान हलवली, पण नोकरी गेलेली माणसं सुरुवातीला असंच काहीतरी बोलतात हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तोवर जुळणीने पुढचं कामही उरकलं होतं. माणूस गेला की सगळ्यांना आभाराचा एक ई-मेल आपोआप जावा, ही सोय दोन वर्षांपूर्वी जुळव्यानेच केली होती. तो ई-मेल गेला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, आणि मग जुळव्याची खिडकीजवळची खुर्ची कोणी मागितली आहे का, असं विचारलं. प्रिंटर दुरुस्त करणारा गृहस्थ खास बाहेर आला, त्याला मिठी मारून गेला, आणि कोणापाशी बोलू नका, पण तुमच्यावर अन्याय झाला आहे, असं म्हणाला. वर शुभेच्छापत्रावर सह्या घेणं सुरू झालं होतं. मग विम्याच्या यंत्राने जुळव्याच्या बायकोला कळवलं की पतीची सेवा समाप्त झाल्याने कुटुंबाचं संरक्षण आजपासून बंद होत आहे.

“कालपासून नोकरी नाही?” बायको फोनवर म्हणाली. “आणि सकाळी मला बाबांच्या कार्डाची गोष्ट सांगत बसलास?”

ही चाचणी आहे, हे तिलाही समजावण्यात सात मिनिटं गेली. तिचा विश्वास बसला, कारण एवढा नीटनेटका गाढवपणा आपला नवराच करू शकतो हे तिला पटलं.

यादीत हात घालायचा हक्क आता दोघांनाच होता. एक तो स्वतः, म्हणजे कोणी नाही. दुसऱ्या ताई. ताई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. मोठ्या साहेबांनाही पूर्वी हा हक्क होता, पण जितके हात कमी तितक्या चुका कमी, असं सांगून जुळव्यानेच तो काढून घेतला होता. सव्वा वाजून गेला. चारला तपासनीस बाई येणार, यादीत एक्केचाळीस निवृत्त जागच्या जागी, आणि ज्याने ते काढायचे तो एकटा तेवढा निघालेला. त्याने डोकं धरलं आणि आपल्या नियमांची मनातल्या मनात उजळणी केली, तेव्हा त्याला तिसरा माणूस आठवला.

दारांना यंत्रं बसली तेव्हा कार्डं वाटायचं काम स्टोअरकडे होतं. त्यासाठी स्टोअरच्या प्रमुखांना यादी बदलायचा हक्क दिला होता. तो हक्क ते निवृत्त होतील त्या तारखेला आपोआप जायचा होता, आणि ती तारीख ताईंनी लिहिलीच नव्हती. हेच भोक शोधायला तपासनीस बाई येणार होत्या. जुळव्याने वाचनाच्या कोपऱ्यातल्या टेलिफोनचा नंबर फिरवला.

“स्टोअर,” पलीकडून बाबा म्हणाले.

जुळव्याने सगळा प्रकार सांगितला आणि आपल्या नावापुढची तारीख खोडायची विनंती केली. बाबांनी ऐकून घेतलं. कंपनीच्या आवारात ते नातं मानत नसत. घरी ‘तुम्ही’ असणारा जावई दाराच्या आत ‘जुळवे’ होई.

“मी निवृत्त आहे, जुळवे,” ते म्हणाले. “यादीला हात लावायचा मला अधिकार नाही.”

“बाबा, मग रोज आत येता तो कुठल्या अधिकारात?”

पलीकडे थोडा वेळ वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

“दार उघडतं म्हणून येतो,” बाबा म्हणाले. “ज्या दिवशी उघडणार नाही त्या दिवशी परत फिरेन.”

जुळव्याला वाईट वाटलं, आणि घाईही होती. शेवटी बाबांनीच मार्ग काढला. लेखी मागणी आली तर विचार करता येईल, ते म्हणाले. जुळव्याने काकांच्या वहीतलं पान फाडून मागणी लिहिली. बाबा खाली आले आणि काचेच्या दाराच्या आत उभे राहिले. कागद दाराखालून सरकवला गेला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत सरकवला, कारण त्यावर तारीख नव्हती. दुसऱ्यांदा परत आला तो कारण लिहिलं नव्हतं म्हणून. जुळव्याने ‘स्वतःची चूक’ असं कारण लिहिलं. तिसऱ्यांदा बाबांनी कोपऱ्यात सही केली, कागदाची घडी खिशात घातली आणि लिफ्टकडे गेले. काका सगळं बघत होते. हे सल्लागार फार कडक आहेत, असं ते म्हणाले.

मग बराच वेळ काही झालं नाही. वाचनाच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बाबा एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक अक्षर दाबल्यावर ते पडद्यावर आलं का हे बघून मगच पुढचं दाबत. पासवर्डची मात्र अडचण आली नाही. दर नव्वद दिवसांनी तो बदला असं यंत्र सांगे, आणि बाबा गेली तीन वर्षं तो इमानाने बदलत आले होते. अडीचला जुळव्याने कार्ड लावलं, लाल. पावणेतीनला लावलं, हिरवा. काकांनी उभं राहून त्याचं अभिनंदन केलं आणि या वेळी नोकरी सांभाळा असं सांगितलं.

जुळवे धावत वर गेला. त्याच्या खुर्चीवर शेजारचा सहकारी बसून बघत होता; तो उठला. जुळव्याने यादी उघडली आणि एकेक तारीख भरत गेला. वीस झाल्या. एकविसाव्या नावाशी त्याचा हात पुन्हा थबकला, आणि मग त्याला दिसलं की तो रकाना भरलेला आहे. तीन वर्षांपूर्वीची अचूक तारीख होती. भरणाऱ्याचं नाव बाबांचं होतं.

बाबा खिडकीशीच बसले होते. जुळवे त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तुमची खोडली आणि माझी भरली,” बाबा म्हणाले. “एकाच बैठकीत झालं. रकाना मोकळा ठेवून चालत नाही.”

“बाबा, पण उद्या?”

“उद्याचं उद्या.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला वाटत होतं, मुद्दाम चालू ठेवलंय कार्ड. कोणीतरी म्हणालं असेल, राहू द्या त्यांचं. आज बघितलं तर नुसता मोकळा रकाना होता. राहून गेलेला.”

जुळव्याने शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांना ताईंची गोष्ट सांगितली. रकाना राहून गेला नव्हता. एका बाईला तिथे समाप्त लिहवलं नाही म्हणून तो मोकळा होता, आणि शेजारचा शेरा तिनेच लिहिला होता.

“शेरा वाचला मी,” बाबा म्हणाले. मग चष्मा परत लावत म्हणाले, “म्हणजे कोणीतरी म्हणालंच होतं की.”

चारला तपासनीस बाई आल्या. त्यांनी निवृत्तांची यादी मागितली, वाटेल तिथे बोट ठेवून दहा कार्डं तपासली, दहाही बंद निघाली. त्यांनी जुळव्याचा लाल दिव्याचा फोटोही अहवालाला जोडून घेतला. मोठ्या साहेबांनी जुळव्याच्या पाठीवर हात ठेवला. जुळणीचं काम कंपनीतच राहिलं. त्यानेच आपल्या सासऱ्यांना घरी बसवलं होतं, किंवा त्यांनी स्वतःला, आणि त्याला आनंद करावा की काय करावं ते कळेना.

पाच वाजता गेटवरून काकांचा फोन आला. बाबा आत अडकले होते. बाहेर जायलाही कार्ड लागे, आणि ते आता लाल होत होतं. काकांजवळ पाहुण्यांची एक जाडजूड कागदी नोंदवही होती, तीत सही घेऊन सोडता आलं असतं. पण आत आल्याची नोंद नसलेल्या पाहुण्याला बाहेर कसं सोडायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि बाबांच्या मते तो अगदी रास्त होता. वीस वर्षांपूर्वी ती नोंदवही बाबांनीच आखून छापून घेतली होती. शेवटी जुळव्याने खाली जाऊन, बाबा आपले पाहुणे म्हणून आत आले होते अशी सही केली आणि मग ते बाहेर गेले अशीही सही केली.

शुक्रवारी बाबा घरी राहिले. साडेदहाला सासूबाईंचा फोन आला की सगळे डबे जमिनीवर आले आहेत. बाराला पुन्हा आला की चहापत्तीसाठी चिठ्ठी मागताहेत, आणि दिली तर सही जुळत नाही म्हणताहेत. तिसरा फोन बायकोचा होता.

“आई माझ्याकडे आली आहे,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

सोमवारी दहा वाजता जुळव्याने गेटवर उभं राहून नोंदवहीत सही केली. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात बाबांनी स्वच्छ अक्षरात जुळवे असं लिहिलं. ‘भेटीचे कारण’ इथे ते जरा थांबले, आणि मग त्यांनी ‘पडताळणी’ असं लिहिलं. त्या आठवड्यात मोठे साहेब एकदा गेटवरून जाताना थांबले. सतरा ठिकाणं जोडली आहेत, तर ही नोंदवही तेवढी कागदावर कशाला, तीही मोठ्या यादीला जोडून टाकू या, असं ते म्हणाले. सहा वर्षं जे दिसेल ते जोडत आलेल्या जुळव्याने नोंदवहीकडे पाहिलं.

“तिला अजून वेळ आहे, सर,” तो म्हणाला. “घाईने जोडण्यासारखी नाही ती.”

एक गोष्ट मात्र सही करताना त्याच्या लक्षात आली नव्हती. पाहुण्याला पाचनंतर थांबता येत नसे, आणि ज्याचा पाहुणा त्यानेच त्याला गेटपर्यंत आणून सही करून सोडायचं, हा नियम नोंदवहीच्या पहिल्याच पानावर छापलेला होता. नियम बाबांचाच होता. त्या पहिल्याच सोमवारी पाचला दहा कमी असताना ते जुळव्याच्या टेबलाशी पास घेऊन येऊन उभे राहिले. जुळवे रोज साडेसातपर्यंत बसे. त्याने आणखी थोडं काम उरलं आहे असं सांगून पाहिलं. बाबा घड्याळाकडे बघत उभेच राहिले. सही करून दोघं गेटबाहेर आले, आणि बाहेर आल्यावर, त्यांना एकटं पाठवून पुन्हा वर जाणं बरं दिसत नाही, म्हणून जुळवे त्यांच्याबरोबर घरी निघाला.

साडेपाचला बायकोने दार उघडलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तिचा चेहरा पडला.

“परत काढलं का तुला?” तिने विचारलं.